कोर्लईची ख्रिस्ती वस्ती: पाहुण्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेवदंड्यात आमची नारळी-पोफळीची छोटी वाडी आहे आणि वाडीतच घरगुती खाणावळ. पाहुणे सकाळी कोर्लईचा किल्ला बघून येतात, हातपाय धुऊन पानावर बसतात, सोलकढीचा पहिला घोट पोटात गेला की प्रश्न सुरू. "तिथे म्हणे पोर्तुगीज बोलतात?" "ते लोक मूळचे कुठले?" "आता कशाला राहिलेत इथे?" शेवटचा प्रश्न विचारणारे स्वतः डोंबिवलीहून आलेले असतात.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही आणि ख्रिस्तीही नाही. पण खाडीच्या अलीकडच्या काठावर जन्म गेला, पलीकडच्या काठाची मुलं माझ्या वर्गात होती. तीच तीच उत्तरं ऐकून कंटाळलेली आमची मंडळी एकदा म्हणाली, "लिहून काढा आणि लावा भिंतीवर." भिंतीवर मावेना, म्हणून इथे.

कोर्लई नक्की कुठे आहे?

अलिबागहून मुरूडकडे निघालात की आधी चौल, मग रेवदंडा, मग कुंडलिका नदीची खाडी. पूल ओलांडला की साळाव, आणि तिथून उजवीकडे समुद्राच्या अंगाने कोर्लई. समुद्रात घुसलेली डोंगराची एक लांबट सोंड आहे, तिच्यावर किल्ला आणि पायथ्याशी गाव. रेवदंडा अलिबाग तालुक्यात, कोर्लई मुरूड तालुक्यात. आमच्या किनाऱ्यावरून बघाल तर हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ वाटतं, गाडीने मात्र वळसा पडतो.

गाव फक्त ख्रिस्ती लोकांचं नाही. कोळी आहेत, इतर हिंदू आहेत. "ख्रिस्ती गाव" असं कुणी म्हटलं की तिथल्या कोळणी रागावतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

ही वस्ती किती जुनी?

इथे थोडं मागे जावं लागेल, कारण कोर्लईची गोष्ट चौलपासून सुरू होते. आज चौल म्हटलं की लोकांना रामेश्वराचं देऊळ आणि दत्ताचा डोंगर आठवतो, पण एके काळी हे जगाला माहीत असलेलं बंदर होतं. अफनासी निकितीन नावाचा रशियन प्रवासी 1469 मध्ये इथेच उतरला. पोर्तुगीज आले तेव्हा चौल अहमदनगरच्या निजामशाहीत होतं. 1508 मध्ये चौलच्या खाडीतच पोर्तुगीजांची इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढाई झाली आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा तिच्यात मारला गेला. पुढे त्यांनी निजामशहाशी जमवून घेतलं. 1516 मध्ये वखार, 1521 मध्ये किल्ला बांधायची परवानगी. आज ज्याला आपण रेवदंड्याचा कोट म्हणतो, तेच त्यांचं चौल. आमच्या वाडीच्या मागे जी भिंत आहे ना, तिचा चिरा तेव्हाचाच.

खाडीपलीकडचा डोंगर मात्र निजामशाहीचा. शहरावर तोफा डागायला त्याहून चांगली जागा नाही, हे दोघांनाही कळत होतं. निजामशाहीने वर तटबंदी बांधायला घेतली आणि 1594 मध्ये पोर्तुगीजांनी डोंगरच घेतला. त्यांच्या भाषेत तो 'मोरो', म्हणजे टेकाड.

तर, ख्रिस्ती लोक या परिसरात सोळाव्या शतकापासून आहेत. पण ते मुख्यतः तटबंदीच्या आत, चौल शहरात होते. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा सगळ्या संघांचे मठ तिथे होते. रेवदंड्यात सातखणी मनोरा बघता ना, तो फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा. डोंगराच्या पायथ्याची आजची वस्ती ठळक झाली ती शहर मोडल्यावर.

म्हणजे हे पोर्तुगीजांचे वंशज?

अंशतः. "निळे डोळे दिसतात का हो?" असंही मला विचारलेलं आहे. नाही, मी तरी पाहिले नाहीत. आमच्यासारखेच सावळे, उन्हात रापलेले लोक आहेत.

पोर्तुगालहून जहाजातून येत ते बहुतेक पुरुष. गोवा घेतल्यावर, 1510 पासूनच, पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने आपल्या शिपायांना इथल्या बायकांशी लग्न करायला उत्तेजन दिलं. असे संसार चौलच्या कोटातही थाटले गेले. त्यांच्याभोवती धर्मांतर केलेले स्थानिक नोकर, कारागीर, शिपाईगडी, गुलाम म्हणून आणलेली माणसं. बरेचसे त्या काळी खालच्या मानल्या जाणाऱ्या जातींतले. तीन-चार पिढ्यांत या सगळ्यांचा एक समाज झाला. त्यात पोर्तुगीज रक्त किती, हे विचारण्यात अर्थ नाही. रोझारियो, मार्टिस, रोचा ही आडनावं रक्ताने येत तशीच बाप्तिस्म्यानेही येत. ज्याच्या पदरी तुम्ही असाल किंवा जो तुमचा धर्मपिता होईल, त्याचं आडनाव लागायचं.

जबरदस्तीने बाटवलेले का?

हा प्रश्न पंगतीत नेहमी जरा आवाज खाली आणून येतो.

पोर्तुगीज राज्यात जबरदस्ती नव्हती असं कुणी सांगत असेल तर ते खोटं. देवळं पाडली गेली. गोव्यात 1559 च्या हुकुमाने अनाथ हिंदू मुलं ताब्यात घेऊन त्यांना बाप्तिस्मा द्यायची सोय केली होती, आणि अनाथ कोण हेही सरकारच ठरवणार. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचा छडा लावून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, आलं ते 1812 पर्यंत पूर्ण हटलं नाही. दुसरीकडे, लग्नामुळे, नोकरीसाठी, जातीच्या जाचातून सुटायला, कुणा साध्या फकिरासारख्या राहणाऱ्या पाद्र्यावर जीव जडल्याने धर्म बदललेलेही होते. चारशे वर्षांपूर्वी कुणा बाईने डोक्यावर पाणी घेताना मनात काय धरलं होतं, ते आज तिच्या पणत्यांना विचारून कळणार नाही. आणि त्यांना ते विचारायचा आपल्याला काही हक्कही नाही. एका पाहुण्याने माझ्या कोर्लईच्या वर्गमित्रालाच हे विचारलं होतं, माझ्या अंगणात. तो म्हणाला, "तुमच्या खापरपणजोबांनी शेंडी का ठेवली ते सांगा, मग मी सांगतो." त्यानंतर दोघांनी एकत्र चहा घेतला.

1740 मध्ये पोर्तुगीज गेले. मग हे लोक का गेले नाहीत?

कारण जायला पैसे लागतात.

कोर्लईचा इतिहास सांगताना सगळे 1594 ची चढाई आणि 1740 चा तह सांगतात आणि थांबतात. माझ्या मते खरी गोष्ट त्यानंतरची आहे. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीजांचा उत्तरेकडचा मुलूख कोसळला. मराठी फौज घेऊन सुभानराव माणकर कोर्लईवर चालून आले होते. 1740 मध्ये तह होऊन चौल आणि कोर्लई दोन्ही मराठ्यांकडे आली. ज्यांच्याकडे जहाजाचं भाडं होतं, गोव्यात नातेवाईक होते, दरबारी हुद्दा होता, ते गेले. मठातले फादर गेले, व्यापारी गेले, कप्तान गेला. मागे राहिला तो नांगरधारी, मजूर, नारळावर चढणारा, ज्याची सगळी दौलत म्हणजे भाताचं एक खाचर आणि एक झोपडी.

म्हणजे ज्या राज्याने यांना ख्रिस्ती केलं त्याने यांना सोडून दिलं. तरी धर्म राहिला, गाणी राहिली, भाषासुद्धा राहिली. किल्ल्याचे फोटो सगळे काढतात. किल्ला तर ओस पडला. टिकली ती खालची वस्ती.

मराठ्यांनी त्यांना त्रास दिला नाही का?

वसईच्या तहात राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मोकळीक कबूल केलेली होती, आणि जायचं त्यांना मालमत्तेसह जाऊ दिलं. चर्चच्या इमारतींचं मात्र नशीब वाईट. घंटा तर विजयाच्या खुणा म्हणून सगळीकडे नेल्या. नाशिकला गोदेकाठी नारोशंकराची घंटा आहे, तिच्यावर 1721 साल आहे. भीमाशंकरच्या घंटेवर 1729. दोन्ही चर्चच्या. आम्ही नाशिकला गेलो तेव्हा माझ्या वर्गमित्राने नारोशंकराच्या घंटेपुढे उभं राहून मुद्दाम हात जोडले. "आमचीच आहे," म्हणाला, "सुखात दिसते."

पेशव्यांना शेतसारा हवा होता. जमीन कसणारा माणूस कुणाला नको असतो?

राज्य गेल्यावर धर्मगुरू कुठून येत?

गोव्याहून. आणि हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत गमतीचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कंटाळा आला तर पुढच्या प्रश्नावर जा.

पंधराव्या-सोळाव्या शतकांत पोपनी पोर्तुगालच्या राजाशी एक व्यवहार केला होता. पूर्वेकडे चर्चेस बांधणं, पाद्र्यांचा खर्च चालवणं हे राजाने करायचं आणि बदल्यात बिशप कोण व्हावा हे राजाने सुचवायचं. याला म्हणतात पाद्रोआदो. आपल्याकडच्या देवस्थान इनामासारखं समजा: इनाम देणाऱ्या घराण्याचा मान पहिला. गोव्यात 1534 च्या सुमारास धर्मप्रांत झाला, 1557 मध्ये तो आर्चबिशपचं पीठ झाला, आणि कोकणची किनारपट्टी त्याच्या हाताखाली गेली.

आता राजाचा मुलूख गेला, पण हा मान गेला नाही. चौलवर भगवा लागला, नंतर 1818 मध्ये इंग्रजांचा झेंडा लागला, तरी इथल्या चर्चवर हुकूम गोव्याचा. रोमला ते पटत नव्हतं. 1622 पासून रोमने धर्मप्रसारासाठी स्वतःचं खातं उघडलेलं होतं आणि मुंबईत इंग्रजांनी 1720 मध्ये पोर्तुगीज पाद्र्यांना काढून त्या खात्याचे कार्मेलाइट संन्यासी आणले. मग पुढे दीडशे-दोनशे वर्षं मुंबईत भांडण. 1794 पासून तर काही चर्चेस गोव्याच्या आर्चबिशपांकडे आणि काही रोमच्या प्रतिनिधीकडे अशी सरळ वाटणीच झाली. एकाच गावात दोन चर्चेस, सख्खे भाऊ वेगवेगळ्या मिस्साला (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला), अशी अवस्था.

1886 च्या करारात दमणचा नवा धर्मप्रांत निघाला आणि उत्तर कोकणातली पाद्रोआदोची चर्चेस त्याच्याकडे गेली. 1928 मध्ये तो मोडून ब्रिटिश मुलखातला भाग मुंबईला जोडला. आजही रायगड जिल्हा मुंबईच्या आर्चबिशपांच्या धर्मप्रांतात आहे. त्या गादीवर पहिला भारतीय माणूस बसायला 1950 उजाडलं, ते व्हॅलेरियन ग्रेशियस.

या सगळ्याचा कोर्लईशी संबंध काय? फार मोठा. 1834 मध्ये खुद्द पोर्तुगालनेच संन्यासी संघ बंद केले, म्हणून उरले ते गोव्याचे धर्मगुरू. घरी कोंकणी, शिक्षण पोर्तुगीज. ते कोर्लईत येत, प्रार्थना पोर्तुगीजमध्ये शिकवत, नोंदी पोर्तुगीजमध्ये लिहीत. राज्य जाऊनही खालच्या वस्तीला त्या भाषेचा आवाज कानावर पडत राहिला तो असा.

ते बोलतात ती भाषा पोर्तुगीजच आहे का?

नाही, आणि मराठीही नाही. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. 'क्रिस्ती' असंही म्हणतात. मुळात पोर्तुगीज 'लिंग्वा', त्याचं शेपूट गळून 'लिंग' राहिलं. जाणकार हिला क्रिओल म्हणतात: दोन भाषांच्या लोकांना रोज एकमेकांशी बोलावं लागलं, त्यातून पुढच्या पिढीची मातृभाषा झालेली तिसरी भाषा. बोलणारे हजाराच्या आसपास.

माझ्या मते तिच्यातली सगळ्यांत सुंदर गोष्ट वाक्याच्या ठेवणीत आहे. पोर्तुगीज माणूस क्रियापद मध्ये ठेवतो: मी खातो भात. कोर्लईची बाई क्रियापद शेवटी नेते: मी भात खातो. शब्द लिस्बनचे, पण ते बसतात आपल्या पंगतीच्या क्रमाने. शेजारी राहून राहून मराठीने तिला आपलं वळण लावलं.

आणि उलटही झालंच आहे. तुम्ही आज सकाळी पाव खाल्लात, साबण लावून आंघोळ केलीत, खोलीची चावी खिशात घातलीत, पगाराच्या चिंतेत आहात, हापूसचा भाव विचारलात. एवढं पोर्तुगीज तर तुम्हीही बोलता. 'नाताळ' हा शब्दही त्यांचाच.

'लिंग' शब्दावरून हसू येत असेल तर येऊ द्या, आम्हालाही यायचं. सातवीत मराठीच्या पेपरात 'लिंग ओळखा' असा प्रश्न आला होता. दहा शब्दांपुढे पुल्लिंग, स्त्रीलिंग लिहायचं. माझ्या वर्गमित्राने शेवटच्या शब्दापुढे लिहिलं, 'नौ लिंग'. गुरुजींनी त्याला बाकावर उभं केलं, मग कारण विचारलं, मग स्वतःच खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसले. अर्धा गुण दिला.

वसईचे ख्रिस्ती तर मराठीच बोलतात. मग हेच वेगळे कसे?

वसईकडे गावंच्या गावं ख्रिस्ती झाली आणि आपापल्या बोली घेऊन जागच्या जागी राहिली. सामवेदी, वाडवळी ऐकली असेल तुम्ही. घरात, बांधावर बोलायला दुसऱ्या भाषेची गरजच पडली नाही. कोर्लईच्या पूर्वजांचं मूळ कोटाच्या आत, जिथे दहा ठिकाणची माणसं एका चुलीवर आलेली. त्यांची सामाईक भाषा हीच.

शिवाय खाडी. 1986 मध्ये रेवदंडा-साळाव पूल झाला, तोवर कोर्लई जवळजवळ बेटच. पूर्वी वसई, साष्टी, मुंबईतही अशी बोली बोलणारे होते. तिथे ती विसाव्या शतकात मावळली. मुंबईतल्या त्या जुन्या रहिवाशांनी 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, 'ईस्ट इंडियन' नाव घेतलं, म्हणजे गोव्याहून आलेल्यांत कुणी आपल्याला मोजू नये. कोर्लईवाल्यांना अशी नावाची गरज पडली नाही. त्यांच्यात कुणी मोजायला येतच नव्हतं.

मिस्सा कुठल्या भाषेत होते?

मराठीत. पूर्वी सगळ्या कॅथलिक जगात असे तशी लॅटिनमध्ये. दुसरी व्हॅटिकन महासभा (1962–65) झाली, तिने लोकभाषेला दार उघडलं, आणि इथे लोकभाषा म्हणून मराठी आली. नौ लिंग नाही, कारण तिच्यात छापलेलं काही नव्हतं आणि धर्मगुरूंना ती येत नव्हती. माझ्या वर्गमित्राची आजी चर्चमध्ये 'नमो मरिये' म्हणायची आणि घरी कंदिलाजवळ बसून तीच प्रार्थना 'आव्हे मारिया' अशी पुन्हा म्हणायची. मी विचारलं, दोनदा कशाला? म्हणाली, "फादर म्हणतो ती एक, आईने शिकवली ती एक."

चर्चच्या लोकांना 'मंडळी' म्हणायचं की 'धर्मग्राम'?

कोर्लईत 'मंडळी' म्हटलंत तर कळेल, पण ते तुम्हाला प्रोटेस्टंट समजतील. कॅथलिक लोक धर्मग्राम, फादर, मिस्सा म्हणतात. प्रोटेस्टंट लोक मंडळी, पाळक, उपासना. एकाच येशूचे भक्त, पण शब्दांवरून घराणं ओळखू येतं, संगीतातल्यासारखं.

कोकणात प्रोटेस्टंटही आहेत?

आहेत, संख्येने थोडे. स्कॉटिश मिशनरी 1823 मध्ये बाणकोटला उतरले, पुढे हर्णैला त्यांचं ठाणं झालं. मुंबईत कॉलेज काढणारे जॉन विल्सन 1829 मध्ये आले तेव्हा मराठी शिकायला आधी हर्णैलाच राहिले, म्हणजे कॉलेजवाल्या विल्सनसाहेबांच्या कानात पहिली मराठी कोकणी हेलाची पडली. दक्षिणेकडे वेंगुर्ल्याला अमेरिकन मिशनचं हॉस्पिटल. आणि ज्यांची भजनं सगळ्या मराठी ख्रिस्ती घरांत म्हटली जातात ते नारायण वामन टिळक 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावला जन्मले, बाप्तिस्मा 1895 चा.

सावंतवाडी, मालवण, कुडाळकडचे कॅथलिक हा वेगळाच धागा. त्यांच्यातले पुष्कळांचे पूर्वज गोव्यातून वर सरकले. त्यांच्यासाठी 2005 मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला, पुण्याच्या धर्मप्रांतातून काढून.

किल्ल्यावरचं पडकं चर्च आणि गावातलं चर्च एकच का?

नाही. वरचं शिबंदीसाठी होतं, छप्पर केव्हाच गेलेलं. पावसाळ्यात आत गुडघाभर गवत माजतं. गावातलं चर्च माउंट कार्मेलच्या मातेचं. तिचा दिवस ख्रिस्ती पंचांगात 16 जुलैला येतो, म्हणजे बरोबर लावणीच्या धांदलीत. ज्यांनी पंचांग केलं त्यांना कोकणातला आषाढ माहीत नसावा.

आमचं मूळ इकडचं आहे असं आजोबा सांगत. नोंदी कशा शोधायच्या?

कॅथलिक कुटुंबांना या बाबतीत आपल्यापेक्षा बरं. ट्रेंटच्या महासभेने (1545–63) प्रत्येक चर्चला बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही ठेवायला लावली. पुढे मृत्यूचीही आली. आपल्याकडे तीर्थक्षेत्रीच्या पंड्यांच्या वह्या असतात तसंच, फक्त तारखेसकट. वाळवी, पाऊस, लढाया यांतून जेवढ्या वाचल्या तेवढ्या.

दोन वर्षांपूर्वी मुंबईचे एक गृहस्थ आमच्याकडे उतरले होते. त्यांच्याकडे पणजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीचा मोबाइलवर काढलेला फोटो होता. एकोणिसाव्या शतकाची अखेर, तपकिरी शाई, पानाच्या कडेला वाळवीने खाल्लेली नक्षी. आम्ही दोघं ओसरीवर बसून अक्षर अक्षर लावत होतो. सुरुवात ठरलेली: 'आओस' अमुक 'दियाश', म्हणजे अमुक तारखेला. मग मुलाचं नाव, मग 'फिल्यो लेजितिमो', औरस पुत्र, मग आईबाप, मग 'पाद्रिन्यो' आणि 'माद्रिन्या', धर्मपिता आणि धर्ममाता. शेवटी सही, एवढी वळणदार की नावापेक्षा शेपूट लांब. एकदा हा साचा कळला की पोर्तुगीज न येताही नोंद वाचता येते. त्यांना हवं होतं ते सापडलं: पणजोबांचा धर्मपिता त्यांच्याच आडनावाचा निघाला. त्या रात्री त्यांनी तीन घावने जास्त खाल्ले.

शोधायला निघालात तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून वर्ष आणि चर्च हे दोन काढून घ्या. नुसतं आडनाव घेऊन जाऊ नका. रोझारियो शोधणं म्हणजे अलिबाग तालुक्यात पाटील शोधणं. आणि फादरना आधी फोन करून, त्यांची वेळ घेऊन जा. वह्या त्यांच्या जबाबदारीच्या असतात. दाखवायला नको म्हणाले तर हट्ट धरू नये.

यांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो का?

नाही. तो कायदा 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोवा, दमण, दीव इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना लागू होतो. कोर्लई 1740 मध्येच सुटली. गंमत बघा, गोव्यात कोंकणी बोलणाऱ्याला लिस्बनचा पासपोर्ट मिळू शकतो आणि कोर्लईत पोर्तुगीज शब्दांत भांडणाऱ्याला नाही.

चर्च आतून बघता येईल? फोटो काढले तर चालतील?

दार उघडं असेल तर चपला-बूट नीट ठेवून, आवाज न करता जा आणि तिथे जे कोणी असेल त्याला आधी विचारा. मिस्सा चालू असताना मोबाइल वर करू नका. एका शनिवारी आमच्याच पाहुण्यांपैकी काहीजण लग्नाच्या मिस्सात घुसले आणि नवरीला "पोर्तुगीजमध्ये काहीतरी बोला ना" म्हणाले. मला नंतर कळलं, आणि त्या घरी जाऊन मी माफी मागून आलो.

रस्त्यात एखाद्या म्हाताऱ्या बाईला थांबवून "बोलून दाखवा" हेही नको. तुम्हाला कुणी स्वारगेटवर थांबवून "मराठी बोलून दाखवा" म्हटलं तर?

ही भाषा टिकेल का?

मुलं मराठी शाळेत जातात, आता इंग्रजीच्याही. नोकऱ्या मुंबईला. सून बाहेरून आली की घरात मराठी सुरू होते. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ येऊन राहिले, त्यांनी व्याकरण मांडलं, पुस्तक काढलं. त्याने नातवंडं बोलायला लागत नाहीत. पण मी लहान असतानाही लोक म्हणायचेच की आता ही भाषा पंचवीस वर्षांची सोबती. ती पंचवीस वर्षं केव्हाच होऊन गेली.

तुम्हाला स्वतःला येते का?

चार शिव्या आणि एक प्रार्थना. दोन्ही तरीत, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीत, शिकलो.

पूल व्हायच्या आधी खाडी ओलांडायला तर होती. शाळा सुटली की कोर्लईची मुलं धक्क्यावर येत, आणि शनिवारी मीही त्यांच्याबरोबर जाई. भरतीला होडी डुले, दप्तर डोक्यावर धरायचं. माझ्या वर्गमित्राची आजी बाजाराची पाटी घेऊन मधोमध बसलेली असे, खाली वांगी, वर सुकट. तरीवाल्याशी भाड्यावरून वाद मराठीत, नातवाला ओरडणं नौ लिंगमध्ये, आणि होडी जास्तच कलली की डोळे मिटून 'आव्हे मारिया'. काठ लागला की पुन्हा मराठी: "उतर रे, पाय भिजवू नको, तुझी आय मला बोलंल."

पूल सुरू झाला त्या वर्षी आजीने एसटीने यायला सुरुवात केली. ती खिडकीपाशी बसे आणि गाडी पुलाच्या मध्यावर आली की ओठ हलवी. कंडक्टर तिकीट मागायला आला तरी ती साळावचा काठ येईपर्यंत उत्तर देत नसे.